नदीकांठची झाडी : गांवानें राखली तरच राहील

आपला धाराशिव जिल्हा हा पाण्याच्या वांटणीचा जिल्हा आहे. बालाघाटाच्या माथ्यावर पडलेला एकच पाऊस एका अंगास उतरला तर मांजरा व तेरणा ह्यांच्या वाटेनें गोदावरीस मिळतो, आणि दुसऱ्या अंगास उतरला तर सीना व बोरी ह्यांच्या वाटेनें भीमेंत व पुढें कृष्णेंत जातो. मोठी बारमाही नदी आपल्या वांट्यास आलेली नाहीं. ज्या आहेत त्या पावसाळ्यांत चार दिवस दांडगाई करणाऱ्या व माघ-फाल्गुनांत डोहाडोहांतून उरणाऱ्या. जिल्ह्याचें क्षेत्र ७,५६९ चौरस किलोमीटर आहे. त्यांत वनाच्छादन शेंकडा एकाहूनही कमी भरतें. येडशीच्या रामलिंगाभोंवतालचें रान १९९७ सालीं अभयारण्य म्हणून राखलें गेलें, तें व असे कांहीं थोडे तुकडे वगळले तर आपल्याकडे झाडी म्हणून जी कांहीं उरते ती शेताच्या बांधावर, देवळांच्या आवारांत आणि ओढ्या-नद्यांच्या कांठीं. ह्यांपैकीं कांठची झाडी आपल्या डोळ्यांदेखत नाहींशी होत आहे. ती पुन्हां कशी उभी करावी व उभी केल्यावर कोणीं राखावी, ह्याचा विचार वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे. आमचें सारें आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरांत गेलें असल्यामुळें वृक्षशास्त्राचा अधिकार आम्ही सांगत नाहीं. परंतु कांठाच्या जमिनीचे कागद व प्रत्यक्ष कांठ हे दोन्हीं पाहण्याचा प्रसंग आम्हांस वारंवार आलेला आहे.

कांठावरील झाडांचें काम

आपल्या नद्यांच्या कांठीं आपोआप येणारीं झाडें कोणतीं, हें जुन्या माणसांस विचारिलें तर तीं बोटांवर मोजून सांगतात : करंज, जांभूळ, उंबर, अर्जुनसादडा, वाळुंज, भोकर, पांगारा, नांद्रुक, हिवर, शिंदी, त्यांच्या पायथ्याशीं निर्गुडी, शेरणी, वाळा आणि लव्हाळा. ह्यांतील प्रत्येकाची जागा ठरलेली असते. पाण्याच्या अगदीं धारेस लव्हाळा, शेरणी, वाळुंज हीं असतात. तीं पुरांत वांकतात, परंतु मोडत नाहींत, आणि पाणी उतरलें कीं पुन्हां उभीं राहतात. त्यांच्या वर, कांठाच्या उतारावर, करंज, जांभूळ, अर्जुन व उंबर हीं खोल मुळांचीं झाडें असतात. अगदीं वरच्या सपाटीवर, जेथें शेत सुरू होतें तेथें, भोकर, हिवर, चिंच, कडुलिंब हीं कोरडेपणा सोसणारीं झाडें येतात.

नदीचा कांठ कसा ढांसळतो, हें ज्यानें लक्षपूर्वक पाहिलें असेल त्यास ह्या मांडणीचें मर्म सहज कळेल. पूर चढत असतां जितकी जमीन जाते तितकीच, किंबहुना त्याहून अधिक, पूर उतरतांना जाते. पाण्याची धार प्रथम कांठाचा पाया पोखरते. वरची काळी जमीन पाणी पिऊन जड झालेली असते. पाणी खालीं गेलें कीं तिचा आधार जातो, आणि मग गाडीभर, दहा गाड्या माती एकदम पात्रांत कोसळते. पायथ्याचीं झुडपें पाया पोखरूं देत नाहींत, व उतारावरील झाडांचीं मुळें वरच्या मातीस शिवून ठेवतात. एकटें उभें असलेलें मोठें झाड मात्र पुष्कळदां उलट काम करतें. त्याच्या बुंध्याशीं पाण्याचा भोंवरा पडून तेथील माती आधीं जाते व मागोमाग झाडही जातें. म्हणून कांठास एक झाड उपयोगी नाहीं. सलग पट्टी पाहिजे.

दुसरें काम गाळाचें. शेतांतून वाहून येणारें गढूळ पाणी झाडीच्या व गवताच्या पट्टींत शिरलें कीं त्याचा वेग मोडतो आणि माती तेथेंच बसते. म. जोतीराव फुले ह्यांनीं १८८३ सालीं लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या ग्रंथांत, डोंगरावरील झाडांचा पालापाचोळा कुजून पावसाबरोबर शेतांत कसा उतरत असे आणि शेताची माती पाण्याबरोबर जाऊं नये म्हणून ताली कशा घालाव्या, ह्याचें विवेचन केलें आहे. नदीकांठची झाडी ही त्याच विचारांतील शेवटची ताल होय. तिच्यापुढें मग माती अडविणारें कांहीं नाहीं.

तिसरें काम जीवसृष्टीचें. करंज व जांभूळ ह्यांच्या फुलोऱ्यावर मधमाशा पोसल्या जातात, आणि त्याच मधमाशा पुढें सूर्यफूल व कांद्याचें बीं ह्या पिकांचें फलन करतात. उंबराच्या ढोलींतील घुबड रात्रींत शेतांतील उंदीर टिपतें. वन्य पशूंस एका रानांतून दुसऱ्या रानांत जावयाचें असतां उघड्या शेतांपेक्षां ओढ्या-नद्यांच्या झाडीचा आडोसा सोयीचा पडतो. २०२४ सालच्या डिसेंबरांत यवतमाळकडील टिपेश्वर अभयारण्यांतील एक वाघ सुमारें ५०० किलोमीटरांचें अंतर तोडून येडशीच्या रानांत आला, हें वाचकांच्या स्मरणांत असेलच.

कांठ उघडा कसा पडला

ह्याचें एकच कारण नाहीं व एकच अपराधीही नाहीं. विजेचे पंप आले तेव्हां नदीकांठची पडीक पट्टी एकाएकीं मोलाची झाली. पाण्यापासून दहा पावलांवरील जमीन कोण सोडणार? वडिलोपार्जित जमिनीच्या वांटण्या होतां होतां प्रत्येकाच्या हातीं थोडें राहिलें, आणि नांगर हळूहळू कांठाकडे सरकला. दगडी कोळसा व गॅस येण्यापूर्वीं वीटभट्ट्या, गुऱ्हाळें व चुली ह्यांस लागणारें सरपण जवळच्या कांठावरूनच आलें. पुढें वाळूस भाव आला. पात्रांतील वाळू खोल उपसली म्हणजे पात्र खालीं जातें, कांठ उंच व उभा होतो, आणि उभा कांठ टिकत नाहीं.

झाडें गेल्यावर जागा रिकामी राहत नाहीं. वेडी बाभूळ आणि बेशरम ह्या दोन परदेशी वनस्पतींनीं ती व्यापिली. वेडी बाभूळ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आपल्या देशांत आणिली गेली. ती सरपणास चांगली, हें नाकारतां येत नाहीं. परंतु तिच्याखालीं गवत नीट येत नाहीं व देशी रोपें वर येत नाहींत. तिच्या शेंगा जनावरें खातात, आणि शेणावाटे बीं गांवभर पसरतें. बेशरम तर नांवाप्रमाणेंच. तोडून टाकलेल्या फांदीसही ओल लागली कीं मुळ्या फुटतात.

महसुलाच्या दप्तरांतही ह्या गोष्टीची एक बाजू दिसते. कांठाचा उतार, घळी, खडकाळ तुकडे हे पूर्वीं पोटखराबा म्हणून लिहिलेले असत. पोटखराब्यावर आकार नाहीं, म्हणून त्याकडे कोणाचें लक्ष नसे. आणि लक्ष नसे म्हणूनच तेथें झाडी राहत असे. पुढें हा पोटखराबा वहितीखालीं आला. कागदावर शेताचें क्षेत्र वाढलें, तें प्रत्यक्षांत नदीच्या दारांत नेऊन ठेविलें गेलें.

२०२५ सालचा धडा

२०२५ च्या सप्टेंबरांत मराठवाड्यांत जी अतिवृष्टि झाली तिनें ह्या सर्व व्यवहाराचा हिशेब एकदम मागितला. परंडा व भूम तालुक्यांत पाण्यानें वेढलेल्या माणसांस हेलिकॉप्टरनें काढावें लागलें. पिकें गेलीं, जनावरें गेलीं. परंतु सर्वांत मोठें नुकसान जमिनीचें. पीक एका हंगामाचें असतें, जमीन पिढ्यांची. पंचनाम्याच्या कागदावर ‘जमीन खरडून गेली’ हे शब्द लिहावयास कारकुनास क्षणही लागत नाहीं; ती माती पुन्हां घडावयास शतकें लागतात.

शासनानें त्या वर्षीं ७ ऑक्टोबर रोजीं ३१,६२८ कोटि रुपयांची मदत जाहीर केली. त्यांत खरडून गेलेल्या जमिनीस हेक्टरीं ४७ हजार रुपये रोख व रोजगार हमींतून हेक्टरीं ३ लाख रुपयांपर्यंत कामें, अशी तरतूद होती. बाहेरून गाळ आणून खडकावर पसरण्यास किती खर्च येतो, हें ह्या आंकड्यांवरूनच कळतें. जी माती राखावयास झाडांची एक पट्टी लागली असती, ती परत आणावयास लाखांची भाषा करावी लागते.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. झाडी असली म्हणजे पूर येत नाहीं, असा भ्रम कोणीं बाळगूं नये. आकाश फाटल्यावर झाडें काय करणार ? पाणी शेतांत शिरावयाचें तें शिरेलच. परंतु शिरलेलें पाणी कांठ कापून माती घेऊन जातें, कीं वेग मोडून थोडा गाळ ठेवून जातें, हें कांठ कसा आहे ह्यावर पुष्कळसें अवलंबून आहे.

कांठ कोणाचा ?

ह्या प्रश्नाचें उत्तर नीट समजून घेतल्यावांचून पुढचें काम होणार नाहीं. हैद्राबाद संस्थानांत असतां आपल्याकडे १३१७ फसलीचा जमीन महसूल कायदा चालत असे. आतां १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम लागू आहे. त्याच्या २० व्या कलमाप्रमाणें नद्या, ओढे व त्यांचीं पात्रें शासनाच्या मालकीचीं. पात्राच्या कडेला लागून जें शेत आहे तें खातेदाराचें. म्हणजे झाडीची जी पट्टी आपणांस पाहिजे तिचा पाय शासनाच्या जागेंत व डोकें खातेदाराच्या सातबाऱ्यांत. एकट्या शासनानें लावतों म्हटलें तर वरचा भाग त्याच्या हातीं नाहीं. एकट्या खातेदारानें लावतों म्हटलें तर खालचा भाग त्याचा नाहीं, व शेजाऱ्यानें नांगर धारेपर्यंत नेला तर त्याचें एकट्याचें श्रम वायां जातात. दोहोंस जोडणारा दुवा एकच, तो म्हणजे गांव. ‘गांव करी तें राव न करी’ ही म्हण ह्या कामास जितकी लागू पडते तितकी क्वचितच दुसऱ्या कशास पडत असेल.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आरमारासाठीं लागणाऱ्या लांकडाविषयीं जी आज्ञा आहे तिचा भाव असाच आहे : झाड वर्षा-दोन वर्षांत होत नाहीं, रयतेनें तें लेंकरासारखें वाढविलेलें असतें, म्हणून धन्याच्या संमतीवांचून त्यास हात लावूं नये. आजच्या काळींही, १९६४ च्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्यानें जांभूळ, आंबा, चिंच आदिकरून १६ जातींचीं झाडें परवानगीवांचून तोडतां येत नाहींत. परंतु कायदा तोडणाऱ्यास अडवितो. लावणाऱ्यास उठवीत नाहीं. तें काम गांवाचेंच.

अन्यत्र लोकांनीं काय केलें

धुळें जिल्ह्याच्या साक्री तालुक्यांत बारीपाडा म्हणून एक लहानसें आदिवासी गांव आहे. तेथील लोकांनीं श्री. चैत्राम पवार ह्यांच्या पुढाकारानें चारशेंहून अधिक हेक्टर उजाड रान राखावयास घेतलें. चोरून तोड करणाऱ्यास दंड व तोड दाखवून देणाऱ्यास बक्षीस असा नियम त्यांनीं स्वतःच ठरविला. रान परत आलें, ओढे अधिक काळ वाहूं लागले. श्री. पवार ह्यांस २०२५ सालीं पद्मश्री मिळाली. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) ह्या गांवास २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क प्राप्त झाला. तेथें कोणताही निर्णय बहुमतानें न घेतां सर्वांच्या संमतीनें घेण्याची रीत आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील दोडामार्ग तालुक्यांत बांबर्डे येथें पाणथळींत वाढणाऱ्या रानजायफळाची देवराई ग्रामस्थांनीं देवाच्या धाकानें पिढ्यान्‌पिढ्या सांभाळिली. अवघी अडीच हेक्टरांच्या आसपासची ती राई शासनानें जैवविविधतेचें वारसा-स्थळ म्हणून जाहीर केली.

हीं उदाहरणें डोंगरी, पावसाळी वा वनांतील मुलखांचीं आहेत, असें कोणी म्हणेल. तर मग आपल्यासारख्याच अवर्षणी मुलखांतील अहिल्यानगर जिल्ह्याचें हिवरेबाजार पाहावें. कुऱ्हाडबंदी व चराईबंदी हे नियम त्या गांवानें पाळले. जनावरें रानांत न सोडतां गवत कापून नेण्याची मोकळीक ठेविली, आणि उघड्या टेंकड्या हिरव्या झाल्या. ह्या सर्व गांवांत झाडांच्या जाती निराळ्या, पाऊस निराळा, जमिनीची मालकी निराळी. समान गोष्ट एकच : नियम गांवानें केला, गांवानें पाळला, आणि उत्पन्नाचा वांटा गांवास मिळाला. उलट, राज्यांत २०१६ पासून चार वर्षें कोट्यवधि झाडें लावण्याच्या मोहिमा झाल्या, २०१९ सालीं तर ३३ कोटींचा संकल्प होता. परंतु लावलेल्या रोपाचा पुढचा उन्हाळा कोण पाहणार हें जेथें ठरलेलें नव्हतें तेथें खड्डे तेवढे उरले.

आपण काय करावें

प्रथम, ज्या गांवास नदीकांठ आहे त्या गांवानें ग्रामसभेंत हा विषय घेऊन कांठाची पाहणी करावी. गांवचा नकाशा हातीं घेऊन कांठाकांठानें चालावें. कोठें जुनी झाडी उरली आहे, कोठें कांठ ढांसळतो आहे, कोठें वेडी बाभूळ आहे, हें गटवार लिहून काढावें. २००२ च्या जैविक विविधता कायद्याप्रमाणें प्रत्येक ग्रामपंचायतींत जैवविविधता व्यवस्थापन समिति असावयाची, व तिनें लोकजैवविविधता नोंदवही ठेवावयाची. पुष्कळ ठिकाणीं ही वही कपाटांत पडून असते. ती बाहेर काढून कांठची नोंद तींत करावी.

दुसरें, पट्टीची रुंदी ठरवावी. आमच्या मतें ओढ्यास दोहों बाजूंस पांच मीटर व नदीस दहा मीटर एवढी तरी पट्टी असावी. शंभर मीटर कांठ असलेल्या खातेदारास ही दहा मीटरांची पट्टी म्हणजे सुमारें दहा गुंठे जमीन होते. ती त्याच्याच नांवावर राहील. तिच्यावरील फळ, पाला, गवत ह्यांचा पहिला हक्क त्याचाच. त्यानें एवढेंच कबूल करावयाचें कीं, तेथें नांगर घालणार नाहीं व मुळासकट झाड तोडणार नाहीं. हें कबुलीपत्र लेखी असावें व ग्रामसभेच्या इतिवृत्तांत नोंदावें. तोंडी शब्दावर झालेल्या व्यवस्था पुढच्या पिढीच्या वांटणींत मोडतात, हा आमचा दप्तरांतील अनुभव आहे.

तिसरें, लागवडीचे दोन हंगाम मानावे. वरच्या सपाटीवरील व उतारावरील झाडें आषाढांत, जमिनींत चांगली ओल झाल्यावर, लावावीं. परंतु पायथ्याचीं वाळुंज, निर्गुडी, लव्हाळा हीं त्या वेळीं लावूं नयेत; आपल्याकडील मोठे पूर बहुधा परतीच्या पावसांत येतात, आणि दोन महिन्यांचें रोप त्यांत टिकत नाहीं. तीं पूर ओसरल्यावर, आश्विन-कार्तिकांत, ओल्या कांठांत फांद्या रोवून लावावीं. करंजाच्या शेंगा चैत्र-वैशाखांत पिकतात, त्या कांठावरच्याच जुन्या झाडाखालीं गोळा कराव्या. जांभळाची आठळी वाळूं देऊं नये. फळ खाल्ल्यावर लवकरांत लवकर ती मातींत गेली पाहिजे. रोपवाटिकेंतून आणलेल्या परमुलखांतील रोपांपेक्षां आपल्याच नदीच्या बियांचीं रोपें अधिक चिवट निघतात. प्रत्यक्ष पात्रांत मात्र झाड लावूं नये. पाण्याची वाट पाण्यास मोकळी ठेवावी.

चौथें, वेडी बाभूळ एकदम साफ करूं नये. आहे तो कांठ तिनेंच धरून ठेविलेला असतो. पावसाळ्याच्या तोंडीं यंत्रानें ती उपटून कांठ उघडा केला तर त्याच सालीं माती जाईल. तुकड्यातुकड्यानें काढावी, व जेवढी काढिली तेवढ्या जागेंत देशी रोपें धरल्यावरच पुढें सरकावें. तिच्या सरपणाचा पैसा राखणदाराच्या पगारास लावावा.

पांचवें, राखण. पहिले दोन उन्हाळे हीच खरी कसोटी. शेळ्या सोडावयाच्या नाहींत. गवत कापून न्यावयाचें. ज्यांस शेत नाहीं अशा घरांस गवताचा व सरपणाचा वांटा आधीं नेमून द्यावा. त्यांची चराई बंद करून त्यांस कांहीं न देणें हें न्यायाचें नाहीं, आणि तें टिकतही नाहीं. ज्याचें पोट त्या कांठावर आहे तोच उपाशी राहिला तर कुंपणच शेत खाऊं लागतें. नियम मोडणाऱ्यास दंड असावा, मग तो पाटलाचा मुलगा असो वा शेळ्या राखणारा पोर असो.

कांहीं आक्षेप

झाडांची सावली पिकावर पडते व मुळ्या ओल पितात, हा आक्षेप खरा आहे. झाडाशेजारचे दोन-तीन तास कमी येतात. त्यावर उपाय म्हणून अमेरिकेच्या शेतकी खात्यानें सांगितलेली रीत विचारांत घ्यावी : धारेस दाट झाडी, मध्यें उपयोगाचीं झाडें आणि शेताकडील अंगास गवताची पट्टी. गवत वैरणीस येतें व सावलीचें अंतरही सांभाळलें जातें. झाडींत रानडुकरें दडतात, हाही आक्षेप खोटा नाहीं. परंतु तीं अधिक दडतात तीं वेड्या बाभळीच्या जाळींत व उभ्या उंसांत. खालून मोकळी असलेली जुन्या झाडांची राई त्यांस तितकीशी मानवत नाहीं.

राहिला मुख्य आक्षेप : आधींच जमीन थोडी, त्यांत दहा गुंठे कां सोडावे ? ह्यास आमचें उत्तर असें कीं, ते दहा गुंठे आपल्याकडे राहतील असें समजणेंच चुकीचें आहे. नदीच्या दारांतील जमीन झाडांस दिली नाहीं तर ती नदी घेते, आणि नदी गुंठे मोजून घेत नाहीं. झाडांस दिलेली जमीन आपल्या नांवावर व आपल्या डोळ्यांपुढें राहते. नदीनें घेतलेली फक्त सातबाऱ्यावर राहते.

हें काम एका पावसाळ्याचें नाहीं. करंजाची सावली पडावयास सात-आठ वर्षें लागतात, उंबराचा विस्तार पाहावयास एक पिढी. तरीही आरंभास फार मोठें भांडवल लागत नाहीं. पन्नास-शंभर घरांच्या गांवानें प्रथम पांचशें मीटर कांठ घ्यावा, दोन्हीं तीरांच्या खातेदारांनीं मिळून घ्यावा, आणि तो नीट धरल्यावर पुढचे पांचशें मीटर. वरच्या व खालच्या गांवांनीं एकमेकांशीं बोलून हीच रीत चालविली तर तेरणेचा, मांजरेचा, सीनेचा कांठ कांहीं वर्षांत ओळखूं येईल असा होईल. येत्या ग्रामसभेंत आमच्या वाचकांपैकीं ज्यांची शेतें नदीस लागून आहेत त्यांनींच हा विषय प्रथम मांडावा, कारण सोडावयाचें प्रथम त्यांनाच आहे, आणि राखून मिळवावयाचेंही प्रथम त्यांनाच.